चांदाला मीठ

साताऱ्याहून मीरा-भाईंदरला कुणी हौसेनं जात नाही. जातात ते पोराच्या फ्लॅटची वास्तुशांत म्हणून, नाहीतर बारशाला. त्यामुळं "चार दिवस पेणकरपाड्याला जाऊन येते" असं मी म्हटलं, तेव्हा आमच्या आळीतून पहिला प्रश्न आला, "कुणाकडं काय आहे?" एक दगड बघायला चाललेय, असं सांगितल्यावर पुढचे प्रश्न थांबले. आळीचं माझ्याबद्दलचं मत आधीच फारसं बरं नाही, त्यात ही भर.

ही गोष्ट २००६च्या माघातली. मी सरकारी कचेरीत ट्रेसर होते. ट्रेसर म्हणजे दुसऱ्यानं पेन्सिलीनं काढलेला नकाशा पारदर्शक कागदावर शाईनं गिरवणारी बाई. पुढं कॉम्प्युटर आले, आमचं काम संपलं आणि मी मुदतीआधीच घरी बसले. अजूनही कुणी "नुसती ट्रेसर" म्हटलं की माझ्या कपाळावर आठी पडते. एवढ्या वर्षांत माझी एक रेघ कुणाला पुसावी लागली नाही, हे मी आल्यागेल्याला ऐकवत असे. "ऐकवत असे" म्हणायचं कारण पुढं येईलच.

बावीस वर्षांची होते तेव्हा खाडीकाठच्या गावांतले जुने दगड मोजायला एक तुकडी निघाली होती, तिच्याबरोबर मलाही धाडलं. पेणकरपाड्याचा आगरदेव, म्हणजे मिठागराचा देव, मी तिथं बसून स्वतः काढला. कमरेएवढा काळा दगड, वर सूर्य आणि चंद्र, खाली कलश, त्याखाली अक्षरांची झिजून गेलेली एक ओळ. पाड्यातून मिठागराकडं जाणाऱ्या पायवाटेवर तो उभा होता. समोर पाणी, त्यापलीकडं मिठाच्या पांढऱ्या राशी. त्या दोन दिवसांत कुठलाही आवाज ऐकल्याचं मला आठवत नाही. कचेरीत परतल्यावर चित्र शाईनं पक्कं केलं, त्याच्या अमोनिया प्रिंट काढल्या. एक फायलीला लावली, एक पाड्याला पाठवली. मग माझं लग्न झालं आणि दगड डोक्यातून गेला.

अठ्ठावीस वर्षांनी मृण्मयी नावाच्या मुलीचा फोन आला. ती जुन्या वास्तू जपण्याचं शिक्षण घेतलेली, एका संस्थेसाठी या भागातल्या जुन्या जागांची यादी करत होती. तिनं सांगितलं ते असं: इमारतींसाठी भराव पडला तेव्हा आगरदेव त्याखाली गाडला गेला. पाड्यातल्या लोकांनी माझ्या प्रिंटवरून पाथरवटाकडून नवा दगड घडवून घेतला आणि त्याच जागी बसवला. "तुमची प्रिंट इथं एका घरात फ्रेम करून लावलीय, काकू. तुमच्याकडे मूळ ट्रेसिंग असेल तर घेऊन याल का? नवा दगड त्याच्याशी जुळला, तर मला तो यादीत घेता येईल. मग तिथून त्याला कुणी हलवणार नाही." थोडं थांबून ती म्हणाली, "फक्त एक आजी आहेत. त्या म्हणतात, हा आमचा देव नाही."

खरं सांगायचं तर आजींचं मी नीट ऐकलंच नाही. माझं चित्र अठ्ठावीस वर्षं कुणाच्या तरी भिंतीवर लटकतंय, एवढंच माझ्या कानात राहिलं.

शुक्रवार: काशीमिरा ते बेव्हर्ली पार्क

एसटी हायवेवर काशीमिऱ्याला सोडते. सकाळची वेळ होती, डोळ्यांत झोप होती, आणि ऊन धुरकट होतं. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून पाणी शोधत होते. आठवणीत इथं भातखाचरं होती आणि खाचरं संपली की आकाशच सुरू व्हायचं. आता आकाश बरंच वर सरकलेलं. गुलाबी, पिवळट, फिक्या हिरव्या इमारती एकीपुढं एक उभ्या, आणि प्रत्येकीच्या गॅलरीत कपडे वाळत घातलेले. इतके कपडे एकाच वेळी वाऱ्यावर हलताना मी कधी पाहिले नव्हते. बघत राहावंसं वाटत होतं. रिक्षावाल्यानं "मॅडम, जाना किधर है?" असं तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी भानावर आले.

बेव्हर्ली पार्कात माझी मावसबहीण शैला राहते. गिरगावातल्या दोन खोल्या सोडून ती आणि तिचे मिस्टर इथं आले त्याला दहा वर्षं झाली. दारात शेजारणीशी हिंदीत बोलता बोलता तिनं माझी पिशवी घेतली, खाली वाकून बघितलं आणि विचारलं, "फोनवर नळी आणतेय बोलली होतीस ना? ती कुठाय?"

ट्रेसिंगची गुंडाळी ठेवलेली पत्र्याची नळी. साताऱ्यापासून मांडीवर धरून आणलेली. रिक्षात राहिली होती.

मी तिथंच पायरीवर बसले. कचेरीचं दप्तर हलवताना जुनी ट्रेसिंगं रद्दीत निघाली होती, त्यातली माझी मी उचलून आणली होती. त्यातलं हे एक, आणि ते मी हायवे ते बेव्हर्ली पार्क एवढ्या अंतरात घालवलं. शैला म्हणाली, "टेन्शन नको घेऊस. वॉचमनला सांगून ठेवते. त्या नळीचं रिक्षावाला काय करणारे?" तिनं मला कांदेपोहे खायला घातले. ते मी खाल्ले, पण कसे होते ते आज सांगता येणार नाही.

पेणकरपाडा

दुपारी मृण्मयी न्यायला आली. खांद्याला झोळी, हातात टेप, केसांत पेन्सिल खोचलेली. नळीची हकीकत ऐकून तिचा चेहरा उतरला, पण म्हणाली, "असू दे काकू, प्रिंट आहे ना. ती तर तुमचीच आहे."

पेणकरपाड्यात शिरलं की रस्ता एकदम अंग चोरतो. दोन्हीकडं इमारती, मध्ये जुनी बैठी घरं, दारात तुळस, तुळशीशेजारी मोटरसायकल. नरेशचं घर त्यातलंच एक. हे लोक पूर्वीपासूनचे शेतीवाले आणि मिठागरवाले. नरेश आता बँकेत कामाला आहे, पण खाडीलगतचं मिठागर घरात अजून होतं. पन्नाशीचा, शांत, बोलताना समोरच्याकडं न बघणारा माणूस. त्याच्या आई हिराबाई ओट्यावर बसल्या होत्या. नऊवारी गुडघ्यापर्यंत आवळलेली आणि पायाची कातडी मिठानं भेगाळलेली.

"ही ती ट्रेसर," नरेशनं सांगितलं.

हिराबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तवा लय बारीक व्हतीस," एवढंच म्हणाल्या.

आत भिंतीवर माझं चित्र होतं. जांभळट रेघा थोड्या फिक्या झालेल्या, खाली माझ्या हातची अक्षरं, "आगरदेव, पेणकरपाडा", कोपऱ्यात माझी आद्याक्षरं. रेघ अजून सुरेख दिसत होती. मी बराच वेळ तिथून हलले नाही.

मग आम्ही फ्रेम उतरवून दगडाकडं गेलो. घरामागची पायवाट आता एका सोसायटीच्या भिंतीलगत जाते. भिंत आणि वाट यांच्यामध्ये, चौथऱ्यावर, नवा आगरदेव. काळाभोर, धारदार, गळ्यात झेंडूची माळ. मृण्मयीनं टेप लावला, मी प्रिंट धरली. सूर्य उजवीकडं, चंद्र डावीकडं, मध्ये दोन बोटांचं अंतर. कलशाचा काठ, अक्षरांच्या जागी मी काढलेल्या तुटक रेघा, सगळं पाथरवटानं जसंच्या तसं उतरवलं होतं. मी प्रिंट उगाच आणखी एकदा दगडाला लावून बघितली. मृण्मयीनं यादीच्या तक्त्यात लिहिलं, "मूळ चित्राशी तंतोतंत जुळते."

"जुळतं," हिराबाई मागून म्हणाल्या. त्या कधी आल्या ते कळलंच नाही. "कागदाशी जुळतं. देवाशी न्हाय जुळत. चांद हिकडं व्हता." त्यांनी उजवा हात पुढं केला आणि सूर्याकडं बोट दाखवलं. "ह्या बाजूला."

नरेशनं त्यांचा दंड धरून हळूच वळवलं. "आई, जेवायचं झालंय. चल."

जेवायला तांदळाची भाकरी आणि निवट्यांचं कालवण होतं. आमच्याकडं ज्वारीची भाकरी; ताटात पडली तर आवाज होतो. ही पांढरीशुभ्र, मऊ, घडी घातली तरी मोडत नव्हती. निवट्या काय असतात ते मी विचारलं नाही आणि दोनदा वाढून घेतलं. दुसऱ्या दिवशी मिठागराकडं जाताना खाडीच्या चिखलावर बोटभर लांबीचे मासे पाय असल्यासारखे तुरुतुरु चालताना दिसले. "ह्याच निवट्या," असं कळल्यावर मी काही वेळ दुसरीकडं बघत चालले.

हात धुताना नरेशनं मला बाजूला घेतलं. खिशातून घडी घातलेली चिठ्ठी काढली. "सोमवारी आईला डॉक्टरकडे नेतोय, मॅडम. काय काय होतंय ते लिहून आणायला सांगितलंय त्यांनी." मी वाचलं. गॅस चालू ठेवून विसरते. किल्ल्या तांदळात ठेवते. नातीला माझ्या बहिणीच्या नावानं हाक मारते. चौथी ओळ होती: देवाचा चांद उलट्या बाजूला आहे म्हणते.

"बाकीचं घरातल्या घरात चाललं," तो म्हणाला. "पण दगड बसवला त्या दिवशी सगळ्या पाड्यासमोर ओरडली. तेव्हापासून लोक तिच्याशी बोलतात, पण तिचं ऐकत कुणी नाही. परवा रविवारी पहिलं मीठ निघणार. पुढच्या साली मिठागर बंद, म्हणजे हे शेवटचंच पहिलं मीठ. ते चांदाला लावायचा मान घरात तिचा. आणि ती म्हणते, खोट्या देवाला मी लावणार नाही." मग तो जमिनीकडं बघत म्हणाला, "तुम्ही सांगून बघा. तुम्ही काढलंय ना ते. तुमचं ऐकेल."

मी म्हटलं, सांगते. मला वाटलं, ही तर सोपी गोष्ट आहे.

शनिवार: मिठागर

मिठागरावर सकाळी जावं. चौकोनी वाफ्यांत पाणी साचवलेलं असतं, कुठं आरशासारखं, कुठं फिकट गुलाबी, आणि जिथं मीठ धरायला लागलंय तिथं दुधावरच्या सायीसारखं. वाऱ्यानं ती साय किंचित हलते. लांब दांड्याच्या फळीनं माणसं उद्या उचलायचं मीठ कडेला ओढत होती, त्याचा खरखर आवाज पाण्यावरून यायचा आणि मध्येच विरून जायचा. लाल पायांचे शेकाटे पक्षी पाण्यात उभे. मागं वळलं की इमारती, पण धुक्यात त्यांचे फक्त वरचे मजले दिसत होते, खाली काहीच नाही. बांधावरून चालताना मी बावीस वर्षांची आहे की पन्नासची, याचा थोडा वेळ मला विसर पडला. पायात चप्पल होती म्हणून खात्री पटली. तेव्हा मी अनवाणी आले होते.

हिराबाई पुढं चालत होत्या. घरात चाचपडत वावरणारी बाई इथं अरुंद बांधावर खाली न बघता चालत होती.

"अमाशा-पुनवेला उधान येतं," त्या सांगत होत्या. "तं पानी वाफ्यात घ्यायचं. चांदानं पानी दिलं म्हून मीठ झालं. पयलं मीठ त्याचं त्याला द्यायचं. भातवाले सूर्व्याला लोंब्या लावायचे, आमी चांदाला मीठ. तवाच बाकीचं मीठ तोंडात घालायचं. त्या आधी जिभंला लावायचं न्हाय."

मी म्हटलं, "हिराबाई, चंद्र डावीकडंच होता. मी दोन दिवस समोर बसून काढलाय."

त्या थांबल्या. बांधावरची रिकामी टोपली उचलून त्यांनी डोक्यावर घेतली. "बग," म्हणाल्या. डावा हात वर गेला आणि टोपलीचा काठ त्यानं पकडला. उजवा हात मोकळा. तो टोपलीत गेला, मूठ भरली, आणि सरळ पुढं आला, जरासा उजवीकडं. हवेत त्यांचा तळवा गोल फिरला. समोर दगड नव्हता, पण हात नेमक्या उंचीवर थांबला होता. "इथं चांद. घासून घासून वाटीवानी खोल झालेला. माज्या सासूनं लावलं, तिच्या सासूनं लावलं. तुजा चांद तिकडं हाय. तिकडं लावाया गेलं तं हात आडवा जातो, टोपली कलते, मीठ सांडतं. कोन बाय असा देव घडवंल?"

मला त्या क्षणी गप्प बसता आलं असतं. पण मी माझ्या चित्रावर बोललेलं सहन करणारी नव्हे. "हे बघा," मी म्हटलं, "माणसाला आठवतं ते बदलतं. कागदावर असतं ते तसंच राहतं. माझी रेघ आजवर चुकली नाही."

हिराबाईंनी टोपली खाली ठेवली. रागावल्या नाहीत. "तू बसून काढलंस, पोरी," त्या म्हणाल्या. "मी डोक्यावर वजन घेऊन लावलंय."



शनिवार, दुपार

शैलाकडं पोचले तर वॉचमन नळी घेऊनच उभा होता. रिक्षावाला सकाळी येऊन देऊन गेला होता. "बोला, मॅडम का कॅलेंडर है," वॉचमननं सांगितलं. मला त्या रिक्षावाल्याचं तोंडही आठवत नाही, पण त्याचं भलं होवो.

जेवल्यावर शैलाला दाखवायला म्हणून मी गुंडाळी उघडली. कागद पिवळा पडला होता आणि सारखा मिटत होता, म्हणून आम्ही तो गॅलरीच्या काचेवर उभा धरला. एक बाजू तिनं दाबली, एक मी. बाहेर तीनचं ऊन. कागद उजळून निघाला, रेघा काळ्याभोर उठल्या. सूर्य उजवीकडं, चंद्र डावीकडं. मी म्हटलं, "बघ, आहे की नाही."

शैला चष्मा सारखा करत म्हणाली, "कडेला काहीतरी लिहिलंय गं पेन्सिलीनं. पण वाचता येत नाही. उलटं आहे सगळं."

मी जवळ जाऊन बघितलं. अक्षरं आरशातल्यासारखी उलटी होती. आपण कागद पालथा धरलाय, हे मला तेव्हा कळलं. आम्ही तो फिरवला. सूर्य डावीकडं गेला. चंद्र उजवीकडं आला. आणि कडेची पेन्सिलीची ओळ सरळ झाली. शैलानं ती मोठ्यांदा वाचली: "चंद्र फार झिजलेला, उजव्या हातानं मीठ लावतात बायका."

अक्षर माझं होतं.

काय झालं असणार ते मला उभ्या उभ्या समजलं. ट्रेसिंगचा कागद आरपार दिसतो, त्यामुळं पालथा ठेवला तरी रेघा तशाच सुबक दिसतात. प्रिंट काढताना तो रसायन लावलेल्या कागदावर ठेवायचा, उजेड द्यायचा, अमोनियाची वाफ द्यायची. चित्रावर अक्षरं असली तर उलटं ठेवलेलं लगेच कळतं. पण दगडावरची अक्षरं झिजलेली म्हणून मी नुसत्या तुटक रेघा मारल्या होत्या, आणि नाव मी नेहमी मागाहून, प्रिंटवर, हातानं टाकत असे. ते सुंदर येतं म्हणून. पेन्सिलीची ओळ फिकट, ती प्रिंटमध्ये उठलीच नाही. अमोनियानं डोळ्यांतून पाणी येत असतं, घाई असते. मी कागद पालथा ठेवला. फायलीत उलटा आगरदेव गेला, पाड्याला उलटा आगरदेव गेला. आणि पाड्यातल्या माणसांनी, ज्यांनी तो दगड रोज पाहिला होता, त्यांनी आपल्या डोळ्यांपेक्षा माझ्या कागदावर विश्वास ठेवला. सरकारी कागद, खाली सही, काचेत लावलेला. एका बाईनं तेवढा ठेवला नाही, तर तिचं नाव डॉक्टरच्या चिठ्ठीवर चढलं.

सकाळचं माझं बोलणं मला शब्दन् शब्द आठवलं. मला इतकी लाज वाटली की मी गॅलरीतल्या वाळत घातलेल्या चादरीमागं जाऊन उभी राहिले. शैला आतून म्हणाली, "सुमन, चहा टाकू का?" मी नको म्हटलं. तिनं टाकलाच.

एक विचार आला होता, तो लपवत नाही. नळी हरवलीच होती. हरवलेलीच राहिली असती तर कुणाला काही कळलं नसतं. मृण्मयीचा तक्ता पुरा झाला असता, दगड यादीत गेला असता, आणि माझी रेघ कधी न चुकलेली राहिली असती. चहा संपेपर्यंत तो विचार माझ्याबरोबर होता. मग मी मृण्मयीला फोन लावला.

रविवार: आगरदेव

सकाळी दगडापाशी पाड्यातल्या पंधरा-वीस बायका जमल्या होत्या. पहिल्या मिठाची टोपली चौथऱ्यावर ठेवलेली. मीठ ओलं, करडं, जाड. हिराबाई लांब भिंतीला टेकून बसलेल्या. नरेशनं माझ्याकडं आशेनं बघितलं.

मी भाषण तयार करून आले होते. ते सगळं बाजूला राहिलं. मी म्हटलं, "चूक माझी आहे. हिराबाईंचं बरोबर आहे," आणि ट्रेसिंग उन्हात वर धरलं. मृण्मयीनं दुसरं टोक धरलं. मी पेन्सिलीची ओळ वाचून दाखवली. मग कागद पालथा केला, पुन्हा सरळ केला. चंद्र या बाजूचा त्या बाजूला उडी मारून जात होता.

हिराबाई उठून आल्या. "परत कर," म्हणाल्या. मी केलं. "आनखी एकदा." मी केलं.

"म्हंजे मना आठवत व्हतं ते बरोबर व्हतं."

"अगदी बरोबर होतं," मी म्हटलं.

त्यांनी वळून नरेशकडं बघितलं. तो आपल्या पायांकडं बघत होता.

मग सगळे एकदम बोलायला लागले. कुणी म्हणे, आता हा फोडून नवा घडवा. कुणी म्हणे, प्रतिष्ठा झालेला देव फोडतात काय. मृण्मयी चौथऱ्याच्या कडेला बसली होती, मांडीवर तक्ता. "काकू," ती हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे मी जे अस्सल म्हणून लिहिलं, ती तुमची चूक आहे. दगडात कोरलेली."

"हो," मी म्हटलं.

"आणि जे खरं होतं, ते फक्त आजींच्या हातात राहिलंय. ते मी कुठल्या रकान्यात लिहू?"

एवढ्यात हिराबाईंनी टोपली उचलली. डोक्यावर घेतली, डावा हात काठाला लावला, आणि दगडाला वळसा घालून त्या मागं गेल्या. दगड आणि सोसायटीची भिंत यांच्यामध्ये जेमतेम एक माणूस मावेल एवढी फट. त्या तिरक्या होऊन आत शिरल्या आणि दगडाच्या पाठीकडं तोंड करून उभ्या राहिल्या.

"आई, तिकडं काय? तिकडं काही नाही," नरेश म्हणाला.

"कागुद उलटा केला तं चांद हिकडं आला," त्या आतून म्हणाल्या. "तं मीच उलटी व्हते. फत्तर कशाला फोडता?"

दगडाची पाठ कोरी होती, छिन्नीचे नुसते टवके. हिराबाईंचा उजवा हात टोपलीत गेला, मूठ भरली, आणि सरळ पुढं आला, जरासा उजवीकडं. टोपली कलली नाही. तळवा गोल फिरला. मीठ दगडावर घासल्याचा आवाज आला, काल पाण्यावरून येत होता तसा. ऊन त्या फटीत तिरकं पडलं होतं आणि तिथं दगडावर पांढरट ओला गोल उमटला, ताटलीएवढा. त्यांनी डोळे मिटले होते. त्या बराच वेळ तशाच राहिल्या आणि कुणीही त्यांना घाई केली नाही.

मग एकेक बाई तिरकी होऊन आत गेली. सगळ्यांचा हात एकाच जागी पडत होता. मृण्मयी बघत होती. तिनं तक्त्यातली "तंतोतंत जुळते" ही ओळ खोडली आणि रकाना सध्या रिकामा ठेवला.

शेवटी हिराबाईंनी मला चिमूटभर मीठ दिलं. ते मी जिभेवर ठेवलं. खारट होतं, आणि मागून थोडं कडू. मी रडले, का ते तेव्हाही नीट सांगता आलं नसतं.

नरेशच्या घरी गेल्यावर मी फ्रेम उघडायला लावली. प्रिंटच्या खाली, कचेरीत लिहायची त्या वळणात, शाईनं लिहिलं: "हे चित्र छापताना कागद उलटा ठेवला गेला. चंद्र उजवीकडे होता. चूक माझी. हिराबाईंना बरोबर आठवत होते." खाली पूर्ण नाव घातलं, आद्याक्षरं नव्हे. नरेशनं ते आईला वाचून दाखवलं. त्यांनी आपलं नाव कुठलं ते विचारून त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "परत वाच." त्यानं परत वाचलं.

निघताना मी ओट्यावर त्यांच्या पाया पडले. त्यांनी माझ्या तोंडाकडं निरखून बघितलं. "तू कुनाची गं?" म्हणाल्या. "जेवलीस का?"

मग मी म्हटलं, "मी ती. चांद उलटा काढणारी."

"हां, ती व्हय," त्या हसल्या. "बस मंग, जेवून जा."

नरेश रिक्षापर्यंत सोडायला आला. रिक्षा थांबली. मग त्यानं खिशातून ती घडी घातलेली चिठ्ठी काढली आणि माझं पेन मागितलं. चिठ्ठी रिक्षाच्या टपावर ठेवून त्यानं चौथी ओळ खोडली. बाकीच्या तीन तशाच राहिल्या. रेघ चांगलीच वाकडी आली होती. मी पेन परत घेतलं आणि टोपण लावलं.